सातारा–सांगली प्रदेशाची भूवैज्ञानिक घडण

महाराष्ट्राच्या सातारा व सांगली या लगतच्या दोन जिल्ह्यांचा मिळून होणारा हा प्रदेश पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेस माण व जत येथील अवर्षणग्रस्त पठारांपर्यंत पसरला आहे. त्याचा जवळजवळ सर्व पृष्ठभाग बेसाल्ट या ज्वालामुखी खडकाचा आहे. या खडकाच्या राशीस दक्षिण ट्रॅप असे म्हणतात. वरवर पाहता एकसुरी वाटणाऱ्या या खडकाखाली त्याहून कितीतरी प्राचीन असा दुसरा भूप्रदेश गाडला गेलेला आहे. १९६७ मध्ये कोयना येथे झालेल्या विनाशकारी भूकंपानंतर या प्रदेशाच्या अंतरंगाचा अभ्यास निकडीचा झाला व भूपृष्ठापासून तीन किमी. खोलीपर्यंतचे खडक प्रत्यक्ष वर काढून तपासण्यात आले. त्यामुळे पृथ्वीच्या अंतर्रचनेची व तिच्या दीर्घ इतिहासाची ओळख करून घेण्यास हा प्रदेश विशेष सोयीचा आहे.

पृथ्वीचे अंतरंग : पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी. आहे. मानवाने पाडलेले सर्वांत खोल छिद्र रशियातील कोला द्वीपकल्पात असून त्याची खोली सु. १२·२६ किमी. आहे, म्हणजे ते त्रिज्येच्या पाचशेव्या हिश्श्याइतकेही नाही. त्यापलीकडची माहिती मुख्यत्वे भूकंपतरंगांवरून मिळते. भूकंपापासून निघणाऱ्या तरंगांपैकी प्राथमिक तरंग घन व द्रव अशा दोन्ही पदार्थांतून जातात, तर द्वितीयक तरंग केवळ घन पदार्थातूनच जाऊ शकतात. खडक बदलला की तरंगांचा वेग बदलतो व त्यांचा मार्ग वाकतो. निरनिराळ्या वेधशाळांत हे तरंग किती वेळाने पोहोचतात, हे पाहून वाटेतील थरांचे अनुमान करता येते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील रिचर्ड डिक्सन ओल्डॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाच्या नोंदींवरून हे तरंग वेगवेगळे ओळखले आणि १९०६ मध्ये पृथ्वीस गाभा असल्याचे दाखविले. क्रोएशियन शास्त्रज्ञ आंद्रिया मोहोरोव्हिचिच यांनी १९०९ मध्ये भूकवचाची खालची सीमा शोधून काढली. या सीमेस संक्षेपाने मोहो असांतत्य म्हणतात. घन आंतर गाभ्याचा शोध डॅनिश शास्त्रज्ञ इंगे लेमान यांनी १९३६ मध्ये लावला.

या संशोधनानुसार पृथ्वीचे मुख्य भाग तीन आहेत. भूकवच खंडांखाली साधारणपणे ३० ते ४० किमी. व महासागरांखाली ५ ते १० किमी. जाड असते. त्याखाली सु. २,८९० किमी. खोलीपर्यंत प्रावरण आहे. ते बव्हंशी घन असले, तरी प्रदीर्घ काळात अतिशय मंद गतीने वाहते. मध्यभागी मुख्यत्वे लोह व निकेल यांचा गाभा असून त्याचा बाहेरचा भाग द्रव, तर सु. ५,१५० किमी. खालचा भाग घन आहे.

सातारा–सांगली प्रदेशाखालील भूकवचाची जाडी कृत्रिम स्फोटांनी निर्माण केलेल्या तरंगांच्या साहाय्याने १९७० नंतरच्या दशकात मोजण्यात आली. यासाठी आखलेल्या दोन रेषांपैकी एक कोकण किनाऱ्यावरील गुहागरपासून सांगली जिल्ह्यातील चोरोचीपर्यंत जाते. या पाहणीत मोहो असांतत्य सु. ३५ ते ४० किमी. खोलीवर असल्याचे आढळले. वरच्या बेसाल्टाची जाडी फार तर सव्वा किमी.च्या आसपास आहे, हे लक्षात घेता बहुतेक महाराष्ट्राचे रूप ठरविणारा हा काळा खडक भूकवचाच्या मानाने एक पातळ लेपच होय.

पायाचे खडक : बेसाल्टाच्या तळाशी ग्रॅनाइट व पट्टिताश्म हे खडक आहेत. ते या दोन जिल्ह्यांत पृष्ठभागी कोठेही दिसत नाहीत. त्यांच्यासारखे खडक दक्षिणेस कर्नाटकात, ट्रॅपची कड संपल्यावर विस्तृत प्रमाणात उघडे पडले आहेत. कोयना परिसरातील छिद्रांमधून मिळालेल्या या खडकांचे वय २५० कोटी वर्षांहून अधिक आहे. पृथ्वीचे वय सु. ४५४ कोटी वर्षे मानले जाते. म्हणजे पृथ्वीच्या निम्म्याहून अधिक आयुष्याचे हे खडक साक्षीदार आहेत. कोट्यवधी वर्षांच्या झिजेने त्यांच्यावरील पर्वत नाहीसे होऊन लाव्हा येण्यापूर्वीच हा प्रदेश बराचसा सपाट झाला होता. छिद्रांमध्ये बेसाल्टाचा तळ मोठ्या अंतरापर्यंत जवळजवळ एकाच पातळीवर आढळतो, यावरून हे दिसून येते.

येथे आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. कर्नाटकात बेळगाव–बागलकोट भागात ग्रॅनाइटी खडकांवर कलादगी संघाचे वालुकाश्म व चुनखडक आहेत. कोयना परिसरातील छिद्रांत मात्र बेसाल्ट थेट ग्रॅनाइटावर टेकलेला आहे. मध्ये गाळाचा थर नाही. त्यामुळे २४० कोटींहून अधिक वर्षांचा इतिहास येथे खडकांच्या रूपाने उरलेला नाही. एखाद्या ग्रंथाची मधली बहुतेक पाने गळून पडावीत व पहिले आणि शेवटचे प्रकरण एकमेकांस चिकटावे, तशी ही स्थिती आहे.

दक्षिण ट्रॅप : सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस कल्पाच्या अखेरीस, भारतीय भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता व उत्तरेकडे सरकत होता. हिंदी महासागरातील आजच्या रेयून्यों बेटाच्या परिसरातील प्रावरणातून वर येणाऱ्या अतितप्त पदार्थाच्या स्तंभावरून तो जात असताना भूकवचास लांब भेगा पडून त्यांतून लाव्ह्याचे लोट बाहेर आले, असे बहुसंख्य भूवैज्ञानिकांचे मत आहे. शंकूच्या आकाराच्या ज्वालामुखीतून होणाऱ्या उद्रेकाप्रमाणे येथे डोंगर तयार झाले नाहीत, कारण हा लाव्हा पातळ असल्याने दूरवर पसरून आडवे थर बनले. आज हे खडक सु. ५ लाख चौ. किमी. क्षेत्रावर आढळतात, झिजून गेलेला भाग धरला, तर मूळ क्षेत्र याहून बरेच मोठे होते.

या थरांचा क्रम लावताना सातारा जिल्ह्यातील व त्याच्या सीमेवरील ठिकाणांना मोठे महत्त्व प्राप्त झाले. थरांतील रासायनिक घटकांवरून पश्चिम घाटातील ट्रॅपचे जे तीन उपसंघ केले आहेत, त्यांपैकी सर्वांत वरच्यास वाई उपसंघ हे नाव आहे. त्यातील पोलादपूर, आंबेनळी व महाबळेश्वर या शैलसमूहांची नावे महाबळेश्वरहून कोकणात उतरणाऱ्या घाटरस्त्याच्या परिसरातील आहेत. या रस्त्याने सु. १,२०० मी. जाडीची लाव्ह्याची रास एकावर एक पाहावयास मिळते. आधुनिक वयमापनानुसार ट्रॅपचा बहुतेक भाग दहा लाख वर्षांच्या आतबाहेरच्या, म्हणजे भूवैज्ञानिक दृष्ट्या अत्यल्प अशा काळात बाहेर पडला. लाव्हा थिजताना त्यातील लोहखनिजांत तत्कालीन चुंबकीय क्षेत्राची दिशा कोरली जाते. महाबळेश्वर शैलसमूहात ही दिशा उलट झालेली आढळते. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव त्या काळी पालटल्याचा हा पुरावा आहे. डायनोसॉर नष्ट होण्याचा काळही हाच असल्याने या विनाशात मेक्सिकोतील उल्कापाताचा वाटा किती व या उद्रेकांतील वायूंचा किती, हा जगभर चर्चिला जाणारा प्रश्न आहे.

दोन उद्रेकांमध्ये खंड पडे, तेव्हा थराच्या माथ्याचे अपक्षय होऊन तांबडी माती बने. पुढच्या लाव्ह्याखाली ती भाजून निघाली. घाटांच्या कापात काळ्या खडकांमध्ये दिसणारे तांबडे पट्टे ते हेच. थराचा मधला भाग घट्ट, तर माथा वायूंच्या पोकळ्यांनी भरलेला असतो. घट्ट भागाचे उभे कडे होतात व पोकळ्यांचा भाग लवकर झिजून उतार होतो. सह्याद्रीच्या डोंगरांस येणारे पायऱ्यांचे रूप व अजिंक्यतारा, सज्जनगड यांसारख्या किल्ल्यांचे सपाट माथे यांमुळेच निर्माण झाले आहेत.

जांभा व पठारे : ट्रॅपच्या माथ्यावर उष्ण व दमट हवेत दीर्घ काळ अपक्षय होऊन सिलिका धुऊन गेली व लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरली. त्यांपासून जांभा खडक बनला. पाचगणीचे टेबललँड व कास पठार हे जांभ्याचे माथे आहेत. कासचा पातळ मातीचा थर वृक्षांस अपुरा असल्याने तेथे पावसाळ्यानंतर रानफुलांचा बहर येतो. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या स्थळांचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला, त्यांत कासही आहे.

कोयना भूकंप : द्वीपकल्पीय भारत हे प्राचीन व स्थिर भूकवच असून तेथे मोठे भूकंप होत नाहीत, अशी समजूत पूर्वी रूढ होती. कोयना नदीवरील १०३ मी. उंचीच्या धरणात १९६२ पासून पाणी साठविण्यात येऊ लागले व लवकरच परिसरात लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६·३ महत्तेचा भूकंप झाला. त्यात पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली आणि कोयनानगरमधील बहुतेक घरांची हानी झाली. धरणाला तडे गेले, तथापि ते फुटले नाही. पुढे ते आधारभिंती बांधून बळकट करण्यात आले. देशाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशातही त्यानंतर कोयना भागास वरच्या श्रेणीत घालण्यात आले.

हा भूकंप जलाशयाशी निगडित असलेल्या भूकंपांपैकी जगातील सर्वांत मोठा मानला जातो. केवळ पाण्याच्या भाराने एवढी ऊर्जा निर्माण होत नाही. भारतीय भूपट्टाच्या हालचालीमुळे पायाच्या खडकांत ताण आधीच साठलेला असतो. उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य अशा जुन्या विभंगांच्या दोन्ही बाजू घर्षणामुळे एकमेकींना धरून असतात. जलाशयाचे पाणी भेगांतून खोल उतरले, की छिद्रांतील पाण्याचा दाब वाढतो, विभंगाच्या बाजूंवरील प्रभावी दाब कमी होतो व पकड सुटून खडक सरकतात. याचाच अर्थ असा, की जलाशय भूकंपास निमित्त होतो. मूळ कारण भूकवचातच असते. पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतरच्या महिन्यांत धक्क्यांची संख्या वाढते, ही बाब या उपपत्तीस पुष्टी देणारी आहे. सांगली जिल्ह्यात चांदोली येथील वारणा जलाशयात १९८५ पासून पाणी साठू लागले आणि १९९३ च्या सुमारास भूकंपांचे क्षेत्र दक्षिणेकडे वारणेपर्यंत वाढले. सर्व मोठे धक्के सु. ३० किमी. लांब व २० किमी. रुंद एवढ्या लहानशा पट्ट्यातील असून बहुतेकांची नाभी १० किमी.पेक्षा कमी खोलीवर असते. मात्र ट्रॅपखालचा प्रत्येक भूकंप जलाशयाशी जोडता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या किल्लारी भूकंपाने जवळपास दहा हजार बळी घेतले, पण त्या भागात कोयनेसारखा मोठा जलाशय नव्हता.

खोल छिद्रण : एवढ्या लहान क्षेत्रात, इतक्या कमी खोलीवर व इतक्या सातत्याने होणारे भूकंप अभ्यासास दुर्मिळ संधी देतात. त्यामुळे येथे खोल छिद्र पाडून विभंगाजवळच उपकरणे बसविण्याचा प्रकल्प केंद्र शासनाच्या भूविज्ञान मंत्रालयाने हाती घेतला आणि त्यासाठी कराडजवळ प्रयोगशाळा स्थापन केली. आरंभी हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने सु. दीड किमी.पर्यंत खोल अशी नऊ छिद्रे पाडली. त्यांत ट्रॅपची जाडी ठिकठिकाणी सु. ४०० मी.पासून १,२५० मी.पर्यंत भरली. जेथे भूपृष्ठ उंच तेथे जाडी अधिक, असे आढळले. यानंतर सातारा जिल्ह्यातील गोठणे येथे २०१७ मध्ये सु. तीन किमी. खोलीचे प्रायोगिक छिद्र पूर्ण झाले. त्यात ट्रॅपच्या खाली ग्रॅनाइटी खडकांत भेगा व पाणी वाहण्यास वाव देणारे भाग मिळाले. ही बाब वर सांगितलेल्या उपपत्तीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. भूकंपाचे भाकीत यावरून लगेच करता येईल असे नाही. परंतु घरे व धरणे किती हादरे सोसतील अशी बांधावीत, हे ठरविण्यास अशी माहिती आवश्यक आहे.

पाणी व माती : कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, कराड येथे तिला कोयना मिळते व सांगलीजवळ हरिपूर येथे वारणा मिळते. कोयना उगमापासून हेळवाकपर्यंत सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे वाहून तेथे एकाएकी पूर्वेस वळते. नद्यांच्या काठी बेसाल्टाच्या अपक्षयाने झालेली खोल काळी माती साचली असून ऊस, हळद व द्राक्षे यांची शेती तिच्यावर चालते. पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी, जत व कवठे महांकाळ हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. तेथे पाऊस थोडा आणि खडकही पाणी कमी धरणारा आहे. बेसाल्टात पाणी राहते ते केवळ अपक्षय झालेल्या माथ्यात, सांध्यांत व दोन थरांमधील पोकळ्यांच्या भागात. त्यामुळे एका शेतात विहिरीस भरपूर पाणी लागते, तर शेजारच्या शेतात तेवढ्याच खोलीवर कोरडा खडक लागतो. घट्ट थरात विंधन विहीर कितीही खोल नेली, तरी सांधा लागल्याखेरीज पाणी मिळत नाही. याउलट ताली बांधून, नालाबंधारे घालून व चर खणून पावसाचे पाणी वरच्या सच्छिद्र थरात मुरविले, तर विहिरींची पातळी वाढते.

अशा रीतीने पश्चिमेकडील भूकंपाचे भय व पूर्वेकडील पाण्याची टंचाई या दोन्ही गोष्टींचा संबंध एकाच प्रश्नाशी येऊन पोहोचतो : खडकातील भेगांतून पाणी कोठवर व कसे जाते. भूपृष्ठाखालील रचनेचे ज्ञान या प्रदेशात केवळ शास्त्रीय जिज्ञासेचा विषय राहत नाही, हे यावरून स्पष्ट होते.