टाळ्या तिथं, टोमणे इथं?

दोस्तांनो, दशावतार पाहिलाय का तुम्ही? मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याकडची मुलं म्हणतील, "हे काय विचारणं झालं?" सिंधुदुर्गात जत्रा आली की रात्री देवळापुढे दशावतार रंगतो. मालवणीत त्यालाच धयकालो म्हणतात. लिहिलेले संवाद नाहीत. पेटी, मृदंग, झांजेच्या साथीनं कलाकार ऐनवेळी बोलतात. आणि गंमत अशी, की नऊवारी नेसलेली द्रौपदी किंवा तारामती म्हणजे परंपरेनं पुरुषच! या कलाकाराला म्हणतात 'स्त्रीपार्टी'. तिच्या दुःखानं आज्यांचे डोळे पाणावतात.

आता सांगा, त्याच गावातल्या शाळेत एखाद्या मुलाचा आवाज नाजूक असला, तर त्याला 'बायल्या' म्हणून का चिडवतात?

नीट समजून घ्या हं. स्त्रीपार्टी करणारा भूमिका करतो. रंग पुसला की तो कुणाचा तरी बाबा असतो. काही माणसं मात्र सोंग करत नसतात. जन्मतः मुलगा ठरवलेल्या एखादीला आतून आपण मुलगीच आहोत असं वाटतं. एखाद्या मुलाला मुलगाच आवडतो. या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि चालण्या-बोलण्यावरून त्या ओळखता येत नाहीत.

"पण देवाधर्मात हे बसत नाही," असं कुणी म्हणेल. मग विष्णूची मोहिनी? विराटाघरी नृत्य शिकवणारा अर्जुन, म्हणजेच बृहन्नडा? सोलापूर जिल्ह्यात वेळापूरला तर अर्धनारीनटेश्वराचं देऊळच आहे. अर्थात, पूर्वी सगळं छान होतं असंही नाही. शिखंडीवर शस्त्र उचलायला भीष्म तयार नव्हते, आणि त्याचं नाव आजही टोमण्यासारखं वापरतात.

इंग्रजांनी त्यात कायद्याची भर घातली. 1860 च्या दंडसंहितेतल्या 377 व्या कलमानं समलिंगी संबंध गुन्हा ठरले. 1871 च्या कायद्यानं उत्तर हिंदुस्थानात तृतीयपंथीयांची पोलिसांकडे नोंद होऊ लागली, बायकी वेशात चारचौघांत नाचणंही गुन्हा झालं. ही दृष्टी बदलायला फार वर्षं गेली. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. 2018 मध्ये सज्ञान माणसांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत.

कायदा बदलला; पण वर्गातलं हसणं न्यायालय कसं थांबवणार? ते तुमच्याच हातात आहे. चिडवणारा एकटा असतो, त्याला बळ मिळतं ते बाकीच्यांच्या हसण्याचं. तेव्हा पुढच्या वेळी हसू नका. ज्याला चिडवलं, त्याच्या शेजारी डबा घेऊन बसा. आणि तो मुलगा तुम्हीच असाल, तर विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा, किंवा 1098 ला फोन करा. तुमचं काहीही चुकलेलं नाही!