वर्धा खोऱ्यातील भूमिगत कोळसा खाणी : यंत्रसामग्रीतील बिघाड आणि अपघात

प्रस्तावना

चंद्रपूर व गडचिरोली हे वनसंपन्न जिल्हे खनिजसंपत्तीसाठीही ओळखले जातात. गडचिरोलीतील सुरजागड येथे लोहखनिज उघड्या खाणीतून काढले जाते. भूमिगत खाणकामाचा अनुभव मात्र प्रामुख्याने चंद्रपूर जिल्ह्यातील वर्धा खोऱ्याचा आहे. बल्लारपूर, दुर्गापूर-रयतवारी, महाकाली, हिंदुस्थान लालपेठ ही खाणींची नावे या परिसरात सर्वपरिचित आहेत. 1973 मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि 1975 नंतर येथील खाणींचा कारभार वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडकडे आला. खाणीतील अपघाताची नोंद बहुधा 'छत कोसळले' किंवा 'दोर तुटला' एवढ्यावर थांबते. त्यापूर्वी घडलेल्या बिघाडांची साखळी समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

भूस्तर आणि छत

येथील कोळसा गोंडवाना श्रेणीतील बाराकर थरांत आढळतो. त्यावर अनेक ठिकाणी कामठी थराचा वालुकाश्म असून तो पाणी धरून ठेवतो. कोळशाचा थर जाड असल्याने त्याचा काही भाग छत म्हणून राखावा लागतो. कोळशाचे खांब उभे ठेवून भोवतालचा कोळसा काढणे ही प्रचलित पद्धत होय. पुढे हे खांबही काढले जातात, तेव्हा धोका सर्वाधिक असतो. मायनिंग सरदार काठीने छत ठोकून पाहतो. पोकळ आवाज आला की ते सैल झाल्याचे समजते. या साध्या परीक्षेनंतर काम थांबविले जाते की नाही, यावर कामगारांचे प्राण अवलंबून असतात.

यंत्रसामग्रीतील बिघाड

उतारावरील टब हॉलेजच्या पोलादी दोराने ओढले जातात. खाणीच्या पाण्याने दोर गंजतो व त्याच्या तारा एकेक करून तुटतात. टब जोडणारी पिन झिजली तर सुटलेले टब वेगाने खाली येतात. त्यांना अडविण्यासाठी रोधक आणि कामगारांना आश्रय घेण्यासाठी बाजूच्या भिंतीत कोनाडे आवश्यक असतात. अपघात घडतो तेव्हा दोराच्या जोडीला ही दुसरी व्यवस्थाही निकामी झालेली असते. पंप व वायुवीजनाच्या पंख्याबाबतही हेच खरे आहे.

पाण्याचा धोका

18 नोव्हेंबर 1975 रोजी नागपूर जिल्ह्यातील सिलेवाडा खाणीत पाणी शिरून 10 कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, 27 डिसेंबर रोजी, धनबादजवळील चासनाला खाणीत जुन्या कामांत साठलेले पाणी घुसून 375 कामगारांचा बळी गेला. जुन्या कामांचे अचूक नकाशे हेदेखील सुरक्षेचे साधनच आहे, हा या घटनांचा धडा होय.

कायद्याची भूमिका

खाण अधिनियम, 1952 च्या कलम 23 नुसार मृत्यू व गंभीर इजा यांच्याबरोबरच माणसे किंवा माल वाहणारा दोर तुटणे, स्वयंज्वलन, पाण्याचा लोंढा आणि काम सुरू असलेला भाग अकाली कोसळणे यांचीही सूचना देणे बंधनकारक होते. कोणालाही इजा झाली नसली तरी धोकादायक घटना कळविण्याचे तत्त्व 2020 च्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेनेही स्वीकारले आहे. तथापि, बिघाड कळविल्यास पाळी थांबते व उत्पादन घटते. कंत्राटी कामगाराचा रोजगार कंत्राटदाराच्या मर्जीवर असल्याने तो बोलण्यास अधिकच कचरतो. परिणामी, कायद्याने ज्याला धोक्याची सूचना मानले, ते प्रत्यक्षात 'किरकोळ दुरुस्ती' ठरण्याचा संभव असतो.

निष्कर्ष

1. अपघात ही एका क्षणाची घटना नसून दुर्लक्षित बिघाडांची परिणती असते.
2. इजा न झालेल्या घटनांची नोंद मराठी व हिंदीत, कामगारास वाचता येईल अशा स्वरूपात ठेवली जावी.
3. बिघाड कळविणाऱ्या कंत्राटी कामगारास रोजगाराची हमी मिळावी.
4. निवृत्त सरदार, ओव्हरमन व हॉलेज चालकांचे अनुभव परिसरातील महाविद्यालयांनी संकलित करावेत.

खाणी बंद होतात, कामगार निवृत्त होतात आणि त्यांच्याबरोबर छताचा आवाज ओळखणारे ज्ञानही लोप पावते. ते जतन करणे हे खाणपट्ट्यातील उच्च शिक्षणाचे दायित्व आहे, असे म्हणणे अनुचित ठरणार नाही.