अजिंठ्याच्या डोंगरांत कोणता जीपीएस?

एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा घोडदळातला ब्रिटिश अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी वाघूर नदीच्या खोऱ्यात आला होता. झाडोऱ्याआड कड्यात कोरलेले दालन त्याच्या नजरेस पडले. दहाव्या लेण्यातल्या रंगवलेल्या खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरली. जागेची खूण ठेवण्याचा इतका वाईट मार्ग दुसरा नाही. आज अजिंठ्याची जागा २०.५५ अंश उत्तर आणि ७५.७० अंश पूर्व या दोन आकड्यांत मावते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार गुन्हा झाली. डोंगर तुडवणारे मात्र कमी झाले नाहीत. गौताळा अभयारण्यात गस्त घालणारे वनरक्षक, अंतूर किल्ल्याची वाट धरणारे ट्रेकर, पक्षी आणि वनस्पतींच्या नोंदी करणारे विद्यार्थी या सगळ्यांना हातात धरायचा साधा जीपीएस उपयोगी पडतो. कोणता घ्यावा, याचे माझे उत्तर स्पष्ट आहे: बटणांचा, बाजारात मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारा, सर्वांत साधा. अचूकता किमतीवर ठरत नाही. ती ठरते तुमच्या डोक्यावर आकाश किती उघडे आहे यावर.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अणुघड्याळाची वेळ सांगत फिरत असतात. संदेश निघाला केव्हा आणि पोचला केव्हा, यातल्या फरकावरून यंत्र अंतर काढते. आपल्या यंत्रातले घड्याळ स्वस्त आणि चुकणारे असते. त्यामुळे अक्षांश, रेखांश आणि उंची यांच्या जोडीला वेळेची चूकही शोधावी लागते. अज्ञात गोष्टी चार, म्हणून उपग्रह किमान चार. २ मे २००० पर्यंत अमेरिका नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे आणि यंत्र शंभरेक मीटर चुकायचे. ती चूक काढल्यापासून मोकळ्या माळावर स्वस्त यंत्रही काही मीटरांपर्यंत बरोबर असते.

पण अजिंठ्याची लेणी माळावर नाहीत. ती घोड्याच्या नालासारख्या वळलेल्या घळीत आहेत. तिथे आकाशाची फक्त पट्टी दिसते. क्षितिजाजवळचे उपग्रह कड्याआड जातात, उरलेले सगळे डोक्यावर एकाच बाजूला जमतात आणि त्यांच्या अंतरांच्या रेषा एकमेकींना फार अरुंद कोनात छेदतात. त्यात कातळावर आपटून आलेले संदेश मिसळतात. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो. त्यामुळे कड्यावरून वळसा घेऊन दशांश मायक्रोसेकंद उशिरा आलेला संदेश त्या उपग्रहाचे अंतर ३० मीटरने वाढवून दाखवतो.

यावरचा पहिला उपाय म्हणजे जास्त उपग्रह. यंत्र जीपीएससोबत रशियाचा ग्लोनास किंवा युरोपचा गॅलिलिओ ऐकत असेल, तर त्या अरुंद पट्टीतही पुरेसे उपग्रह सापडतात. खरेदी करताना मी सर्वांत आधी हेच पाहीन. दुसरा उपाय एल-५ या जादा वारंवारतेचा. तिच्यावरचा सांकेतिक क्रम जुन्या नागरी संदेशापेक्षा दहापट वेगाने चालतो, म्हणून थेट आलेला आणि आपटून आलेला संदेश वेगळा ओळखता येतो. भारताच्या ‘नाविक’ या जीपीएससारख्या प्रणालीच्या उपग्रहांचा संदेशही या वारंवारतेवर येतो. मात्र दोन वारंवारतांचे यंत्र महाग पडते. ज्यांना घळींमध्येच मोजणी करायची आहे त्यांनी ते घ्यावे, बाकीच्यांना गरज नाही.

इलेक्ट्रॉनिक होकायंत्रासाठीही जादा पैसे मोजायची घाई करू नये. ते नसलेले यंत्र उभ्या माणसाला दिशा सांगू शकत नाही, चार पावले चालल्यावरच सांगते. पण दख्खनचा काळा बेसॉल्ट स्वतः चुंबकीय आहे. त्यात लोहाची चुंबकीय खनिजे आहेत. वीज पडलेल्या माथ्यावरच्या कातळावर होकायंत्र टेकवले तर सुई भलतीकडे वळू शकते. चालण्यावरून काढलेल्या दिशेला हा धोका नाही.

खरा जीव वाचवणारा गुण आहे ट्रॅक, म्हणजे आलेल्या वाटेची नोंद. अजिंठ्याच्या रांगेचा माथा सपाट पठाराचा आहे आणि उत्तरेला तो एकदम तुटून खानदेशात उतरतो. गाडी ठेवलेल्या जागेचा वेपॉइंट, म्हणजे यंत्रात साठवलेली खूण, निवडला की पडद्यावरचा बाण सरळ रेषेत तिकडे बोट दाखवतो. मधे दोनशे मीटरचा कडा असला तरी त्याला पत्ता नसतो. धुक्यात, पावसात, अंधार पडताना त्या बाणामागे जाऊ नये. ज्या वाटेने आलो तिच्याच रेषेवरून परतावे.

आकडे लिहिण्यातही घोळ होतो. पितळखोऱ्याचा अक्षांश सुमारे २०.३० अंश आहे. तोच कुणी २० अंश ३० मिनिटे असा भरला, तर यंत्र २२ किलोमीटर उत्तरेला, चाळीसगावच्याही पलीकडे नेईल. जुन्या टोपोशीटवरून आकडे घेणाऱ्यांना आणखी एक काळजी घ्यावी लागते. ते नकाशे एव्हरेस्ट या ब्रिटिश सर्वेक्षकाने ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वापरतो.  यंत्रात योग्य पद्धत निवडली नाही, तर ठिपका नदीच्या दुसऱ्या काठावर पडू शकतो.

मोबाइल आहेच की, असे अनेकांना वाटते. मोबाइलचा जीपीएस नेटवर्कशिवायही चालतो, हे खरे आहे. फक्त उपग्रहांची माहिती नेटवर्कवरून आयती मिळत नसल्याने पहिली जागा सापडायला वेळ लागतो. अडचण पुढची आहे. ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, मेच्या उन्हात पडदा दिसत नाही आणि बॅटरी संध्याकाळी संपते. मदतीसाठी फोन करायलाही तीच बॅटरी लागते. गार्मिनचे ई-ट्रेक्स एसई हे साधे यंत्र दोन पेन्सिल सेलवर १६८ तास चालते, असे कंपनी सांगते. जागा कमी वेळा शोधली तर सेल आणखी टिकतात. टिपेश्वर अभयारण्यातून जून २०१९ मध्ये निघून डिसेंबरपर्यंत सुमारे १,३०० किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचलेल्या वाघाच्या गळपट्ट्यातला जीपीएसही असाच थांबून थांबून जागा नोंदवत होता. सतत नोंदवत राहिला असता, तर बॅटरीने वाघाची साथ वाटेतच सोडली असती. 

परदेशातल्या नातेवाइकांकडून यंत्र मागवणार असाल, तर मॉडेल नीट तपासा. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी यंत्रे, उदाहरणार्थ गार्मिनची इनरीच मालिका, भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. ती सोबत असल्याने विमानतळांवर परदेशी प्रवाशांना अटक झाली आहे. उपग्रहांचे फक्त ऐकणाऱ्या साध्या जीपीएसला ही अडचण नाही. गौताळ्यात जाताना वनविभागाची परवानगी मात्र यंत्र कोणतेही असले तरी घ्यावी लागते.