रुंद टायर, अरुंद रिम : जमेल का ही जोडी?

बारीक चाकांच्या रेसर सायकलला थोडा जाड टायर घातला की धक्के कमी बसतात आणि पंक्चरही कमी होतात. पण किती जाड? चुकीचा टायर निवडला तर पैसे तर जातातच, शिवाय जिवालाही धोका होऊ शकतो.

रायपूरच्या तात्यापारा किंवा चौबे कॉलनीतल्या एखाद्या मराठी घरात सहज घडेल असा हा प्रसंग. कॉलेजात जाणाऱ्या मुलीसाठी कोणाकडून तरी जुनी रेसर सायकल घेतलेली. नवा रायपूरच्या रुंद रस्त्यांवर ती वाऱ्यासारखी पळते. पण घराजवळच्या, खोदून बुजवलेल्या गल्लीत शिरली की प्रत्येक खड्डा मनगटात आणि कमरेत जाणवतो. पावसाळ्यात तर पंक्चरवाल्याकडे खातेच उघडावे लागते. शेवटी मुलगी म्हणते, ''बाबा, जरा जाड टायर घालू या का?'' आणि बाबा म्हणतात, ''घाल की, त्यात काय विचारायचे!''

खरे तर विचारायचे बरेच असते. पुढच्या चाकाचा टायर रिममधून निसटला किंवा भर वेगात चिमट्याला घासून चाक अडले, तर सायकलस्वाराला सावरायला वेळच मिळत नाही.

शर्यतीतही टायर जाड झाले

बारीक टायर म्हणजे वेग, असे वर्षानुवर्षे मानले गेले. शर्यतीच्या सायकलींना २३ मिलिमीटर किंवा त्याहूनही अरुंद टायर असत आणि त्यांत दगडासारखी टणक हवा भरलेली असे. पुढे मोजमापे झाली तेव्हा वेगळेच चित्र दिसले. हवेचा दाब तेवढाच ठेवला, तर रुंद टायर जमिनीला टेकतो तो भाग लांबीला कमी आणि रुंदीला जास्त होतो. टायर कमी दबतो, त्यामुळे कमी शक्ती वाया जाते. म्हणूनच आज मोठ्या शर्यतींतही २८ मिलिमीटर आणि त्याहून रुंद टायर दिसतात.

'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आरपार ओलांडणारी शर्यत नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. त्यांच्या बातम्यांतून अनेक मराठी घरांना या सायकलींची ओळख झाली. मात्र एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. टायर रुंद झाले, तशी रिमही रुंद झाली. जुन्या रेसर सायकलच्या रिमची आतली रुंदी १३ ते १५ मिलिमीटर असे; आज ती १९ ते २५ मिलिमीटरपर्यंत गेली आहे. नव्या सायकलवरचा टायर पाहून तोच जुन्या रिमवर चढवणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा शिवण्यासारखे आहे.

इंचांच्या भरवशावर राहू नका

दुकानात जाऊन नुसता '२८ इंची टायर द्या' म्हटले की घोटाळ्याला सुरुवात होते. दूधवाल्याच्या काळ्या, दणकट सायकलचा टायर २८ बाय दीड इंची म्हणून ओळखला जातो. तो रिमवर जिथे बसतो तिथला व्यास ६३५ मिलिमीटर असतो. रेसर सायकलचा '७०० सी' टायरही २८ इंचीच म्हणवतो, पण त्याचा व्यास ६२२ मिलिमीटर आहे. फरक फक्त १३ मिलिमीटरचा, पण दणकट सायकलचा टायर रेसरच्या रिमवर सैल पडतो आणि हवा भरताच निसटतो.

२६ इंचांतही तोच घोळ आहे. जुन्या २६ बाय १ ३/८ टायरचा व्यास ५९० मिलिमीटर, तर जुन्या माउंटन बाइकच्या २६ इंची टायरचा ५५९. म्हणून टायरच्या बाजूवर उठवलेला '२८-६२२' असा आकडा वाचावा. पहिला आकडा टायरची रुंदी सांगतो, दुसरा रिमवर बसण्याचा व्यास. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. मोकळीक आहे ती फक्त पहिल्या आकड्यात.

जोडीचे गणित

ही मोकळीक किती, ते रिमच्या आतल्या रुंदीवर ठरते. टायर काढून रिमच्या दोन कडांमधले अंतर मोजावे. बऱ्याच रिमवर '६२२ × १५' असे छापलेलेही असते. त्यातला १५ म्हणजे आतली रुंदी. टायरची रुंदी या रुंदीच्या साधारण दीडपट ते दुप्पट असावी, असा सोपा ठोकताळा आहे. टायर आणि रिम बनवणाऱ्यांच्या युरोपीय संघटनेच्या, अनेक वर्षे रूढ असलेल्या तक्त्यात १३ मिलिमीटरच्या रिमला १८ ते २५ आणि १५ मिलिमीटरच्या रिमला २३ ते ३२ मिलिमीटरचे टायर सांगितले आहेत.

याहून जाड टायर घातला तर तो विजेच्या दिव्यासारखा दिसू लागतो, खाली निमुळता आणि वर फुगीर. वळण घेताना त्याच्या बाजू कलतात आणि चाक हातातून सरकल्यासारखे वाटते. हवा कमी असेल तर टायरची कड रिममधून बाहेर येण्याचा धोकाही वाढतो.

चाक फिरायला जागा आहे का?

रिमशी जोडी जमली, तरी सायकलमध्ये जागा हवीच. जुन्या रेसर सायकलचे आखूड ब्रेक साधारण २५ ते २८ मिलिमीटरपर्यंतचेच टायर मावू देतात. चिमटा, मागच्या चाकाजवळच्या दांड्या आणि ब्रेक या प्रत्येक ठिकाणी टायरभोवती किमान ४ मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. छत्तीसगडची काळी कन्हार माती पावसात टायरला लेपासारखी चिकटते, तेव्हा एवढी जागाही अपुरी पडते. चाकात आऊट असेल तर आधी तो काढून घ्यावा. नाहीतर दर फेरीला टायर एकाच जागी घासत राहील.

हवा पूर्वीइतकी नको

सर्वांत जास्त चूक होते ती इथेच. टायर बदलला जातो, पण पंपाचा काटा जुन्याच आकड्यावर नेला जातो. तेवढाच दाब असला, तरी रुंद टायरच्या कापडावरचा ताण रुंदीच्या प्रमाणात वाढतो आणि रिमच्या कडांवरचा जोरही वाढतो. २३ मिलिमीटरच्या टायरमध्ये १०० पौंड हवा असेल, तर ३२ मिलिमीटरच्या टायरमध्ये साधारण ७२ पौंडांवरच कापडाला तेवढा ताण बसतो. ६५ ते ७० किलो वजनाच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या मागच्या टायरमध्ये साधारण ७५ ते ८० पौंड पुरतात. पुढच्या टायरमध्ये थोडी कमी हवा चालते. टायरवर लिहिलेली कमाल मर्यादा कधीही ओलांडू नये.

रायपूरचा उन्हाळाही हिशेबात धरायला हवा. सकाळी २५ अंशांत ८० पौंड भरलेली हवा ४५ अंशांत साधारण ८६ पौंडांवर जाते. म्हणून हवा मर्यादेच्या काठावर भरू नये आणि सायकल भर उन्हात उभी करू नये.

टायर चढवताना

० ट्यूबही टायरच्या मापाची घ्यावी. बारीक टायरची ट्यूब जाड टायरमध्ये ताणून पातळ होते आणि लवकर फाटते.
० आधी निम्मीच हवा भरून चाक फिरवावे. टायरच्या कडेजवळची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे.
० ब्रेकचे रबर रिमलाच लागते ना, हे पाहावे. ते टायरला लागत असेल तर काही दिवसांत टायर फाटेल.
० पहिली फेरी गल्लीतच, हळू मारावी. घासल्याचा आवाज आला तर तिथेच उतरावे.

आता त्या घरातल्या मुलीकडे वळू. तिच्या रिमची आतली रुंदी १५ मिलिमीटर निघाली, तर तक्ता ३२ पर्यंत परवानगी देतो. पण ब्रेकमध्ये मात्र २८ च मावतात. म्हणजे तिच्या सायकलला २८ मिलिमीटरचा टायर योग्य. मैत्रिणीच्या नव्या सायकलचा ३५ चा टायर कितीही आवडला, तरी तो इथे चालणार नाही. २३ वरून २८ वर गेल्यानेही गल्लीतले धक्के बरेच सुसह्य होतील. मात्र हे सगळे दुकानात जाण्यापूर्वी मोजलेले बरे. त्यासाठी बाबांनी रविवारच्या सकाळी मोजपट्टी घेऊन लेकीसोबत अर्धा तास अंगणात बसले तरी पुरे.