माटुंग्याचे बुडबुडे

दहावी-बारावीचे निकाल लागले की मीरा रोडच्या पूनम सागर भागात माणसांपेक्षा फ्लेक्स जास्त दिसतात. क्लासच्या नावाखाली पासपोर्ट फोटोंच्या रांगा, फोटोखाली टक्के, आणि कडेला हात जोडलेले नगरसेवक, किंवा नगरसेवक होऊ इच्छिणारे. ही पोरं पुढे काय करतात हे मात्र कुठल्याच फ्लेक्सवर येत नाही. संपादकांनी विषय दिला तो नेमका यावरूनच: विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचं कर्तृत्व. मीरा-भाईंदरला स्वतःचं विद्यापीठ नाही, मुंबईचंच ते आपलं. तेव्हा लोकल पकडून मी माटुंगा गाठलं. कारण एक बातमी डोक्यातून जात नव्हती. जून २०२५ मध्ये मुकेश अंबानींनी ज्या संस्थेत केमिकल इंजिनिअरिंग केलं, त्या रसायन तंत्रज्ञान संस्थेला १५१ कोटी रुपये दिले. गुरुदक्षिणा म्हणून, आणि कशावर खर्च करा हे न सांगता. प्रसंग होता प्राध्यापक मनमोहन शर्मा यांच्या चरित्राच्या प्रकाशनाचा. देशातला सर्वांत श्रीमंत माणूस एका मास्तरापुढे वाकतो, तेव्हा मास्तरानं शिकवलं तरी काय, हे बघावंसं वाटतंच.

संस्थेचा इतिहास थोडक्यात उरकतो. जुन्या लोकांच्या तोंडी ती अजून 'यूडीसीटी'च आहे. १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून ती सुरू झाली. पैशात मोठा वाटा गिरणीमालकांचा, कारण कापड धुणं, रंगवणं, छापणं यातली रसायनं जाणणारी माणसं त्यांना हवी होती. १९३८ मध्ये के. वेंकटरामन हे पहिले भारतीय प्रमुख आले. रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्रात जगानं मानावा असा माणूस. पुढे १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. १९४३ मध्ये विभाग माटुंग्याला आला, २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झाला. बाकी नामफलक, कोनशिला वगैरे ज्याला हवं त्यानं जाऊन वाचावं.

माजी विद्यार्थ्यांची यादी मात्र वाचण्याजोगी आहे. केकी घरडा इथून अमेरिकेत मिशिगनला गेले, परत आले, डोंबिवलीत आणि मग कोकणात लोट्याला कारखाने काढले. परदेशी कंपन्या ज्या रसायनांना मनमानी भाव लावत, ती ते इथे स्वस्तात करून दाखवत. एशियन पेंट्सचे अश्विन दाणी इथलेच. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजचे संस्थापक के. अंजी रेड्डी हेही इथलेच; गुंटूर जिल्ह्यातल्या हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. आणि ज्यांनी जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये रद्द करवून घेणाऱ्या सीएसआयआरचं नेतृत्व केलं, ते रघुनाथ माशेलकर तर मराठी घराघरांत ठाऊक आहेत. माशेल गावातून आईचा हात धरून मुंबईत आलेला, बापाविना वाढलेला, टाटा ट्रस्टच्या महिना साठ रुपयांवर शिकलेला मुलगा इथे १९६६ मध्ये इंजिनिअर झाला आणि १९६९ मध्ये पीएच.डी.

या नावांत बाई एकही नाही, हे लिहितानाच टोचतं. म्हणून एक आठवण याच जागी घालतो. यूडीसीटी सुरू झाली त्याच १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.च्या यादीत कमला भागवत पहिल्या आल्या. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना 'मुलगी' म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभराच्या अटीवर घेतलं. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन, पुढे कमला सोहोनी या नावानं, त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. त्यांचा फोटो मी आजवर एकाही क्लासच्या फ्लेक्सवर पाहिलेला नाही.

माटुंग्यात मी ज्यात अडकलो ती गोष्ट मात्र माणूस नव्हे, यंत्र आहे. यंत्र म्हणावं तर त्यात एकही फिरता भाग नाही. उभं, उंच नळकांडं, आत द्रव, तळाशी भोकं पाडलेली चकती किंवा नळी, आणि तिच्यातून वर सोडलेली हवा किंवा दुसरा एखादा वायू. इंजिनिअर याला बबल कॉलम म्हणतात. पॉलिस्टरच्या धाग्यामागचं टेरेफ्थॅलिक ॲसिड करायचं तर पॅराझायलीनमध्ये हवा सोडावी लागते. द्रवात वायू विरघळवून काही घडवायचं असेल तिथे हे नळकांडं किंवा त्याची भावंडं हजर असतात.

दिसायला इतकं बाळबोध, पण याचा स्वभाव भारी हट्टी. पूनम सागरमध्ये मासे विकणारं एक दुकान आहे, शोभेचे मासे. तिथल्या काचेच्या टाकीत हवेचा दगड असतो. दुकानदाराला सांगून मी पंपाची कळ अगदी मंद करायला लावली. बारीक बुडबुडे एकामागून एक सरळ वर गेले, पाणी जवळजवळ स्वस्थ. कळ वाढवली तसे बुडबुडे एकमेकांत मिसळून बटाट्याएवढे झाले, डुलत डुलत झपाट्यानं वर पळाले, आणि सगळं पाणी हललं: मधून वर, काचेच्या कडेनं खाली. वर तरंगणारे खाद्याचे कण त्या फेऱ्यात सापडून तळाला जाऊन परत आले. हवा दुप्पट सोडली म्हणून पाण्यात दुप्पट विरघळली असं होत नाही, कारण तेवढीच हवा मोठ्या बुडबुड्यांत कोंबली की तिचा पाण्याला लागणारा पृष्ठभाग घटतो. दुकानदार म्हणाला, मासे गोंधळतात, पुरे करा.

आता ही टाकी चार मजली करा, पाण्याच्या जागी पेट घेणारा द्रव घाला, आणि हिशेब आधीच कागदावर मांडून द्या. चार इंची काचनळीत जे जमलं ते कारखान्यातल्या पंधरा फुटी व्यासात जमेलच याची हमी नसते. आत एका क्षणाला बुडबुड्यांचा एकूण पृष्ठभाग किती, हे तर डोळ्यांनी मोजणं अशक्यच.

मनमोहन शर्मांचं काम इथे सुरू होतं. जन्म जोधपूरचा, १९३७ चा. यूडीसीटीतून बी.केम.इंजि. आणि पुढचं शिक्षण करून ते केंब्रिजला पीटर डँकवर्ट्स यांच्याकडे गेले. हे डँकवर्ट्स दुसऱ्या महायुद्धात लंडनवर पडलेले पॅराशूटचे सुरुंग निकामी करून जॉर्ज क्रॉस मिळवलेले गृहस्थ. शांततेच्या काळात त्यांनी वायू द्रवात कसा शिरतो याचा सिद्धान्त मांडला. शर्मा १९६४ मध्ये पीएच.डी. घेऊन परतले आणि वयाच्या २७ व्या वर्षी माटुंग्यात प्राध्यापक झाले. गुरु-शिष्यांनी पुढे पक्की केलेली युक्ती मला फार आवडली. बुडबुडे मोजता येत नाहीत ना? मग मोजूच नका. द्रवात कॉस्टिक सोडा घाला आणि हवेबरोबर कार्बन डायऑक्साइड सोडा. ही अभिक्रिया इतकी जलद की वायू द्रवाला टेकला की तिथल्या तिथे खपतो. मग वायू खपण्याचा वेग ठरतो तो फक्त दोघांचा स्पर्श किती पृष्ठभागावर होतो त्यावर. कॉस्टिक किती खर्ची पडलं ते साधं टायट्रेशन करून कळतं. त्यावरून उलट हिशेब मांडला की लाखो बुडबुड्यांचा एकूण पृष्ठभाग हाती येतो. ब्युरेट आणि डोकं, एवढ्यावर. त्या काळी परदेशी उपकरण मागवायचं तर परकीय चलनासाठी अर्ज करून वाट पाहावी लागे. अशा देशात हे शहाणपण सोन्यासारखं होतं.

माशेलकर शर्मांच्या सुरुवातीच्या शिष्यांपैकी, आणि दोघांचा १९७० चा शोधनिबंध बबल कॉलमवरच आहे. मग आले ज्येष्ठराज जोशी. गुरु-शिष्यांनी १९७९ मध्ये सांगितलं की उंच कॉलममध्ये पाण्याचं एकच मोठं रहाटगाडगं नसतं. साधारण व्यासाएवढ्या उंचीचे अनेक फेरे एकावर एक रचलेले असतात. हे चित्र डोळ्यांसमोर आलं की मोठ्या कॉलमचा अंदाज बांधणं सोपं होतं. जोशी पुढे मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षही झाले. त्यांचे शिष्य अनिरुद्ध पंडित फुटणाऱ्या बुडबुड्यांच्या मागे लागले: पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार करून ते एकदम दबू दिले की त्या जागी क्षणभर प्रचंड उष्णता आणि दाब निर्माण होतो, आणि त्यानं सांडपाण्यातली चिवट घाण मोडता येते. २०१९ मध्ये ते कुलगुरू झाले. त्यांच्या आधीचे कुलगुरू, कोल्हापूरकडच्या अर्जुनवाड्याचे गणपती यादव, तेही शर्मांचेच शिष्य. १९९० मध्ये शर्मा रॉयल सोसायटीचे फेलो झाले, असा मान मिळवणारे पहिले भारतीय केमिकल इंजिनिअर. १९९८ मध्ये माशेलकरही झाले. गायकीतल्या घराण्यांबद्दल आपण पानंच्या पानं लिहितो. एका नळकांड्याभोवती उभं राहिलेलं हे घराणं त्या मानानं दुर्लक्षितच राहिलं.

हे घराणं जमलं कशानं? माझ्या मते तीन गोष्टींनी. मास्तर टिकून राहिला, फी परवडणारी होती, आणि कारखाना जवळ होता. सकाळी वर्ग घेऊन दुपारी प्राध्यापक ठाण्या-बेलापूरच्या एखाद्या प्लान्टवर जाई आणि तिथली अडचण दुसऱ्या दिवशी फळ्यावर येई. पूर्वी बी.एस्सी. झालेल्या पोराला इथे बी.एस्सी. (टेक) ला शिरताही येई. अंजी रेड्डी असेच आले. आता बारावीनंतरच्या सीईटीच्या चाळणीतूनच बहुतेकांना यावं लागतं, आणि त्या चाळणीसाठी क्लास लागतो. म्हणजे आम्ही परत फ्लेक्सवाल्यांच्याच दारात.

कारखाना तर दूरच गेला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या संपल्या. रसायनाचे मोठे कारखाने वापी, अंकलेश्वर, दहेजकडे सरकले. माटुंग्यातून बाहेर पडणाऱ्या हुशार पोरापुढे आज अमेरिकेची पीएच.डी. आहे, मॅनेजमेंट आहे, सॉफ्टवेअर आहे. त्यात वाईट काही नाही. प्रश्न मागे राहिलेल्यांचा आहे.

मागे राहिली ती तारापूर, डोंबिवली, बदलापूरची छोटी युनिट. तिथे पीएच.डी. नसतो. असतो तो बी.एस्सी. केमिस्ट्री झालेला शिफ्टचा केमिस्ट आणि आयटीआय झालेला किंवा न झालेला ऑपरेटर. मीरा रोडच्या, भाईंदरच्या कॉलेजांतून पदवी घेऊन विरारला गाडी बदलून बोईसरला, तारापूरच्या कारखान्यांत कामाला जाणारी अशी मुलं माझ्या पाहण्यात आहेत. मुंबई विद्यापीठाचे माजी विद्यार्थी तीही. रात्रपाळीत रिॲक्टर त्यांच्याच हवाली असतो. आणि तो रिॲक्टर बुडबुड्यांच्या टाकीइतकाच हट्टी: भांडं मोठं केलं की आत निर्माण होणारी उष्णता आकारमानानं वाढते, थंड करणारा पृष्ठभाग मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. प्रयोगशाळेत फ्लास्क हातात धरून केलेली बॅच तीन हजार लिटरला हाताबाहेर जाऊ शकते. हे गणित माटुंग्यात पोरं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शिकतात. बोईसरच्या केमिस्टला ते वरिष्ठाकडून ऐकून कळतं, आणि वरिष्ठ नोकरी सोडून गेला असेल तर तेही नाही.

डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ मध्ये स्फोट झाला, मे २०२४ मध्ये पुन्हा झाला. दोन्ही वेळा माणसं गेली, आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. चौकशा झाल्या, कारखाने हलवण्याच्या घोषणा झाल्या. तारापूरच्या सांडपाण्याचा वाद हरित लवादापर्यंत गेला. दर वेळी दोष मालकाचा की तपासनिसाचा यावर भांडण रंगतं. कळ फिरवणाऱ्याला कुणी काय शिकवलं होतं, हे विचारल्याचं मला आठवत नाही. ज्या देशातल्या एका इमारतीत वायू-द्रवाचं जगातलं उत्तम ज्ञान साठ वर्षं घोटलं गेलं, तिच्यापासून दोन-तीन तासांच्या लोकलवर हे चालावं, याचा मला राग येतो. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत फेलोशिपा, पद्म पुरस्कार आणि कंपन्यांची उलाढाल येते. टळलेल्या स्फोटाची नोंद कुठल्याच यादीत होत नाही, म्हणून त्यासाठी पैसाही कुणी देत नाही.

१५१ कोटींना अट नाही हे उत्तमच. त्यातला एक लहानसा तुकडा बोईसर आणि डोंबिवलीत, कारखान्यांच्या दारात, मराठीतून आणि हिंदीतून चालणाऱ्या वर्गांवर खर्च करा, असं मी सुचवीन. शिफ्टवाल्याला माटुंग्याला येणं जमत नाही, तेव्हा वर्गानंच तिकडे जावं: तीन तास, उष्णतेचा हिशेब, वाफ, दाब, आणि कधी पळायचं ते. शिकवायला पीएच.डी.चे विद्यार्थी चालतील. गाडीभाडं आणि जेवण दिलं तरी येतील. मालक पगारी रजा देणार नाहीत, ही खरी अडचण, आणि ती सोडवण्याचं काम कारखाने निरीक्षकांचं आहे.