वाटाड्या निवडताना

अनोळखी मुलखात शिरण्यापूर्वी जाणता वाटाड्या सोबत घ्यावा, अशी आपल्याकडील जुनी रीत आहे. महानगर पाहण्यास निघालेल्या प्रवाशासाठी हे काम मार्गदर्शिका करते. परंतु वाटाड्यालाच वाट ठाऊक नसली, तर त्याच्यामागून जाणाऱ्याचीही फरपट होते. यास्तव मार्गदर्शिका निवडताना विचार करणे अगत्याचे असते.

मुंबईचेच उदाहरण पाहावे. एखादे कुटुंब काटकसरीने पैसे साठवून दिवाळीच्या सुटीत दोन दिवसांकरिता मुंबईस येते. घारापुरीची लेणी पाहण्यासाठी मुले आतुर झालेली असतात. सोमवारी सकाळी सर्वजण गेटवे ऑफ इंडियापाशी पोचतात, आणि सोमवारी लेणी बंद असतात, असे त्यांना तेथे कळते! सोबतच्या पुस्तकात लेण्यांचे वर्णन दोन पाने भरून असते. एवढी एक ओळ मात्र नसते. दोनांपैकी एक दिवस असा फुकट गेला, तर तो कोठून भरून काढावा? म्हणून प्रत्येक स्थळाची वेळ, सुटीचा वार, तेथे जाण्याचे साधन आणि लागणारा अवधी ज्या पुस्तकात दिलेला असतो, तेच प्रवाशाच्या खऱ्या उपयोगाचे होय.

ही माहिती कालांतराने बदलते. त्यामुळे पुस्तक हाती घेताच त्याचे प्रकाशनवर्ष पाहावे. कधीकधी मुखपृष्ठ नवे आणि मजकूर जुना, असाही प्रकार आढळतो. अशा वेळी मजकुरातील खुणाच पुस्तकाचे वय सांगतात. ट्रामने जाण्याचा सल्ला देणारा मजकूर १९६४ पूर्वीचा समजावा. कारण त्या वर्षी मुंबईतील ट्राम बंद झाली. बोरीबंदरच्या भव्य स्थानकास १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव मिळाले आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ हा शब्द जोडला गेला. २०१४ मध्ये मुंबईत मेट्रो धावू लागली. २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानक प्रभादेवी झाले. जुनेच नाव शोधत बसणाऱ्या नवख्या प्रवाशाचे स्थानक हातचे निसटून जाण्यास वेळ लागत नाही.

मग जुनी पुस्तके टाकाऊच समजावीत काय? मुळीच नाही. गोविंद नारायण माडगावकर यांचा ‘मुंबईचे वर्णन’ हा ग्रंथ १८६३ साली प्रसिद्ध झाला. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १८५३ मध्ये सुरू झाली, त्याला तेव्हा अवघी दहा वर्षे लोटली होती. त्या काळची मुंबई जाणून घेण्यास हा ग्रंथ अमोल आहे. मात्र आजची गाडी पकडण्यास तो उपयोगी पडणार नाही. कोणते पुस्तक कशासाठी वाचावे, हे कळणे म्हणजेच निवड होय.

मार्गदर्शिकेत नकाशा हवा आणि त्याचे प्रमाणही दिलेले हवे. प्रमाणाविना नकाशा फसवा ठरतो. चर्चगेट स्थानकापासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत पायी जाता येते. उलट कान्हेरीची लेणी पाहण्यासाठी चर्चगेटहून सुमारे ३४ किलोमीटर दूर असलेल्या बोरीवली स्थानकावर उतरून पुढे जावे लागते. नकाशात दोन्ही स्थळे बोटभर अंतरावर दिसली, तर एका सकाळीच ती उरकण्याचा बेत होतो आणि सारा दिवस धावपळीत जातो.

पुस्तकाच्या भाषेवरूनही त्याची पारख होते. ज्यात प्रत्येक स्थळ ‘नयनरम्य’ आणि प्रत्येक उपाहारगृह ‘उत्कृष्ट’ असते, त्यातून काहीच बोध होत नाही. क्वचित तशा स्तुतीमागे जाहिरातही दडलेली असते. घारापुरीची मूर्ती अप्रतिम आहे, एवढे सांगून भागत नाही. ती खडकातच कोरलेली, तीन मुखांची, दोन पुरुषांहून अधिक उंचीची शिवमूर्ती आहे, असे सांगितले, म्हणजे काय पाहावयाचे ते समजते.

पुस्तक पारखण्याची एक सोपी युक्ती आहे. आपल्या परिचयाच्या स्थळाविषयीचे पान प्रथम वाचावे. तसे स्थळ नसल्यास, मुंबईत राहणाऱ्या एखाद्या आप्ताला त्याच्या भागाचे पान वाचून दाखवावे. ठाऊक असलेल्या गोष्टीत जे पुस्तक चुकते, त्यावर ठाऊक नसलेल्या गोष्टीत विसंबणे बरे नव्हे. आज भ्रमणध्वनीवरही वाट कळते. परंतु तेथील माहितीलाही हीच कसोटी लावावी.

निवडलेले पुस्तक प्रवासापूर्वीच वाचावे आणि पाहण्याच्या स्थळांची टिपणे करावीत. प्रत्यक्ष स्थळी पोचल्यावर मात्र ते मिटून पिशवीत ठेवावे. वाट दाखविणे हे वाटाड्याचे काम. डोळे उघडे ठेवून पाहणे हे प्रवाशाचे.