साउंड कार्डच्या खोक्यावर '१८ चॅनल' लिहिलंय, पण माइक किती लागणार? घरच्या रेकॉर्डिंगसाठी खरेदी करण्याआधी हे वाचा

गावातलं भजनी मंडळ असो, कॉलेजचा बँड असो की आरत्यांचे व्हिडिओ टाकणारा मित्रांचा ग्रुप, मोबाइलवर केलेल्या रेकॉर्डिंगची तक्रार सगळीकडे सारखीच असते. टाळ कानठळ्या बसवतात, गाणाऱ्याचा आवाज मागे कुठेतरी हरवतो आणि नंतर काहीच दुरुस्त करता येत नाही. कारण सगळे आवाज एकाच फाइलमध्ये मिसळून गेलेले असतात.

मग कोणीतरी सुचवतं, "मल्टिचॅनल साउंड कार्ड घ्या." ऑनलाइन शोधायला गेलं की समोर आकड्यांची जत्राच भरते. ७.१ चॅनल, १० चॅनल, १८ चॅनल! किंमतही काहीशे रुपयांपासून थेट हजारोंच्या घरात.

गोम इथेच आहे. नाव 'चॅनल' असलं तरी यातला प्रत्येक आकडा वेगळीच गोष्ट मोजतो. आणि घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याला जो आकडा खरंच हवा असतो, तो बहुतेक वेळा खोक्यावर ठळक छापलेलाच नसतो. तो आकडा म्हणजे माइक प्रीअँपची संख्या.

साउंड कार्ड नेमकं करतं काय?

पूर्वी साउंड कार्ड म्हणजे कॉम्प्युटर उघडून मदरबोर्डवर बसवायचं कार्ड. आता रेकॉर्डिंगसाठीचं कार्ड बाहेर ठेवायच्या छोट्या डब्याच्या रूपात येतं आणि यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडलं जातं. त्याला 'ऑडिओ इंटरफेस' म्हणतात. दुकानदार दोन्ही नावं वापरतात.

माइकमधून येणारा विजेचा संकेत फारच क्षीण असतो. तो वापरण्याइतका मोठा करण्याचं काम प्रीअँप करतो. त्यानंतर कन्व्हर्टर त्या संकेताचे आकडे बनवतो आणि ते आकडे यूएसबीवरून लॅपटॉपमध्ये जातात. प्रत्येक माइकला स्वतःचा प्रीअँप आणि कॉम्प्युटरपर्यंत जाणारी स्वतःची वाट मिळाली, तर सॉफ्टवेअरमध्ये त्या माइकचा वेगळा ट्रॅक तयार होतो. मग गाणं झाल्यावर निवांत बसून टाळ कमी करता येतात, गायक पुढे आणता येतो.

मल्टिचॅनल कार्ड घ्यायचं ते यासाठी. आता आकडे कुठे चकवतात ते पाहू.

चकवा पहिला: ७.१

पाचशे-हजार रुपयांत '७.१ चॅनल यूएसबी साउंड कार्ड' मिळतं. हा आकडा सिनेमा पाहण्याशी संबंधित आहे. सात स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे ७.१. हा आवाज बाहेर काढण्याचा हिशोब झाला, आत घेण्याचा नाही. अशा स्वस्त कार्डाला माइकसाठी सहसा एकच छोटं भोक असतं. त्यात फाटे फोडणारी पिन लावून चार माइक जोडले, तरी रेकॉर्ड होणार एकच ट्रॅक.

लाइव्ह करताना हसण्याचे, टाळ्यांचे इफेक्ट देणारी 'व्ही-८' सारखी कार्डंही याच पठडीतली. थेट प्रक्षेपणासाठी ती कामाची आहेत, पण वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक करायला नाहीत.

चकवा दुसरा: यूएसबी असलेला मिक्सर

मिक्सरवर दहा चॅनल आहेत आणि मागे यूएसबीही आहे, म्हणजे दहा ट्रॅक रेकॉर्ड होतील, असं कोणालाही वाटेल. पण यामाहाचा एमजी१०एक्सयू हा लोकप्रिय मिक्सर पाहा. चॅनल दहा, आणि यूएसबीवरून कॉम्प्युटरकडे जातात फक्त दोन, डावा आणि उजवा. म्हणजे मिसळलेला आवाजच आत जातो. मिक्सर म्हणून त्यात काहीही खोट नाही, त्याचं काम वेगळं आहे इतकंच.

सगळे चॅनल वेगवेगळे पाठवणारे मिक्सरही असतात. साउंडक्राफ्टचा सिग्नेचर १२ एमटीके कॉम्प्युटरकडे १४ चॅनल पाठवतो. त्यामुळे मिक्सर घेताना पुढच्या खटक्यांची संख्या पाहून उपयोग नाही. 'यूएसबीवरून एका वेळी किती चॅनल जातात?' हे विचारायचं.

चकवा तिसरा: १८ म्हणजे १८ माइक नव्हेत

फोकसराइट कंपनीच्या स्कारलेट मालिकेत १८आय२० नावाचा इंटरफेस आहे. १८ इनपुट, २० आउटपुट. पण या १८ मध्ये माइकचे प्रीअँप आठच. उरलेल्या दहांपैकी आठ 'एडॅट' नावाच्या ऑप्टिकल केबलवरून येतात आणि दोन 'एसपीडीआयएफ' या डिजिटल जोडणीवरून. त्याच मालिकेतल्या तिसऱ्या पिढीच्या १८आय८ मध्येही १८ इनपुट आहेत, पण माइक प्रीअँप चारच.

छोट्या इंटरफेसमध्येही हेच. स्कारलेट ४आय४ आणि बेहरिंगरचा यूएमसी४०४एचडी, दोघांच्याही नावात चार आहे. पहिल्यात माइक प्रीअँप दोन, उरलेले दोन इनपुट कीबोर्डसारख्या लाइन पातळीच्या वाद्यांसाठी. दुसऱ्यात माइक प्रीअँप चार. घरी गाणारा एक, गिटार एक आणि कीबोर्ड एक असेल तर पहिला पुरेल. चार माइक लावायचे असतील तर पुरणार नाही.

मग आपल्याला किती लागतात?

मोजायची पद्धत सोपी आहे. *एकाच वेळी* वाजणारे आणि *नंतर वेगवेगळे हाताळायचे* असे आवाज किती, ते मोजा. दोन्ही अटी लागू झाल्या तरच त्या आवाजाला वेगळा प्रीअँप.

एकटा कलाकार आधी गिटार, मग गाणं, मग कोरस असं एकेक रेकॉर्ड करत असेल, तर शंभर ट्रॅकच्या गाण्यालाही दोन इनपुट पुरतात. हे काही आजचं नाही. टीॲक कंपनीने १९७९ मध्ये आणलेल्या 'पोर्टास्टुडिओ' या कॅसेटवर चालणाऱ्या यंत्रावर चारच ट्रॅक होते. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ साली आलेला 'नेब्रास्का' हा अल्बम त्याच यंत्रावर घरात रेकॉर्ड केला.

भजनी मंडळाचं गणित वेगळं. तिथे सगळे एकमेकांकडे बघून एकत्रच वाजवतात, वेगवेगळं वाजवायला लावलं तर रंगत जाते. मुख्य गायक एक, पेटी एक, पखवाजाला दोन (उजव्या शाईच्या बाजूला एक आणि कणीक लावलेल्या डाव्या बाजूला एक), टाळकरी आणि कोरस मिळून दोन. झाले सहा. पखवाजाला एकच आणि टाळ-कोरसला एकच माइक दिला तर चारात भागतं. ड्रम सेटचंही तसंच. किक, स्नेअर आणि वर दोन ओव्हरहेड, असे चार माइक लावून नीट रेकॉर्डिंग होतं.

जास्त माइक म्हणजे चांगलं रेकॉर्डिंग, असंही नाही

दहा बाय बाराच्या खोलीत आठ माइक लावले, तर प्रत्येक माइकमध्ये बाकीची सगळी वाद्यं थोडीथोडी शिरतात. मग ट्रॅक नावाला वेगळे राहतात. गायकाचा आवाज वाढवला की टाळही वाढतात. यावर रेकॉर्डिंगवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे, तीनास एक. माइक वाद्यापासून एक फुटावर असेल, तर दुसऱ्या वाद्याचा माइक त्यापासून निदान तीन फूट लांब असावा. लहान खोलीत आठ माइकना हे जमवणं अवघडच.

शिवाय प्रत्येक वाढीव प्रीअँपमागे एक माइक, एक एक्सएलआर केबल आणि एक स्टँड येतो. हा खर्च इंटरफेसच्या किमतीत दिसत नाही. सगळं बजेट आठ प्रीअँपवर उडवून हाताशी दोन बरे माइक उरण्यापेक्षा, चार प्रीअँप आणि चार बरे माइक हा सौदा केव्हाही चांगला.

दोन स्वस्त कार्डं जोडली तर?

दोन इनपुटचे दोन इंटरफेस लावून चार चॅनल करावेत, ही कल्पना बऱ्याच जणांना सुचते. अडचण घड्याळाची आहे. प्रत्येक इंटरफेस सेकंदाला ४८,००० वेळा आवाजाचं माप घेतो, पण दोन यंत्रांचा सेकंद तंतोतंत सारखा नसतो. समजा, दोघांत लाखात पाच इतकाच फरक आहे. एका तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये तो ०.१८ सेकंद होतो. सुरुवातीला जुळलेला ताल शेवटी उघड उघड चुकलेला ऐकू येतो. मॅकमध्ये दोन यंत्रं एकत्र करून हा फरक सावरायची सोय आहे. विंडोजवर मात्र रेकॉर्डिंगचा 'असिओ' ड्रायव्हर सहसा एका वेळी एकच यंत्र चालवतो.

पुढे वाढवायचं असेल तर सुरुवातीलाच एडॅट इनपुट असलेला इंटरफेस घ्यावा. नंतर त्याला बेहरिंगर एडीए८२०० सारखा आठ प्रीअँपचा वेगळा डबा जोडता येतो आणि दोन्ही डबे एकाच घड्याळावर चालवता येतात.

कोणत्या आकड्यांवर पैसे घालवू नयेत?

*१९२ किलोहर्ट्झ:* माणसाच्या कानाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येतं. ४८ किलोहर्ट्झवर २४ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज टिपता येतो. घरच्या कामाला ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट पुरेसे आहेत. २४ बिट मात्र हवेतच. त्यामुळे आवाजाची पातळी थोडी कमी ठेवूनही सुरक्षित रेकॉर्डिंग करता येतं.

*यूएसबी ३ किंवा थंडरबोल्ट:* २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचे आठ चॅनल सेकंदाला साधारण ९.२ मेगाबिट जागा घेतात. जुन्या यूएसबी २ ची क्षमता ४८० मेगाबिट आहे. अडचण येते ती डिस्कची. आठ ट्रॅकचं एक तासाचं रेकॉर्डिंग सुमारे ४ जीबी होतं. तेवढी जागा रिकामी ठेवायला हवी.

कोणत्या गोष्टींवर तडजोड नको?

*४८ व्होल्ट फँटम पॉवर:* कंडेन्सर माइक तिच्याशिवाय चालत नाहीत. शुअर एसएम५८ सारख्या डायनॅमिक माइकना ती लागत नाही, पण त्यांचा संकेत क्षीण असल्याने प्रीअँपला ताकद जास्त हवी.

*डायरेक्ट मॉनिटरिंग:* स्वतःचा आवाज लॅपटॉपमधून फिरून हेडफोनमध्ये येईपर्यंत उशीर होतो. सॉफ्टवेअरमध्ये बफर २५६ ठेवला, तर ४८ किलोहर्ट्झवर निव्वळ आत येतानाच ५.३ मिलिसेकंद जातात. बाहेर जाताना तेवढेच आणि वर इतर वेळ. हा उशीर गाणाऱ्याला खटकतो. डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय असेल तर आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट कानात येतो.

*ड्रायव्हर:* विंडोजसाठी कंपनीचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर आहे का आणि तो आपल्या विंडोजवर चालतो का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर आधी पाहावं. सेकंडहँड बाजारात आठ चॅनलचे फायरवायर इंटरफेस अगदी स्वस्त दिसतात, ते याचमुळे. नव्या लॅपटॉपला फायरवायरचं तोंडच नसतं.

*वीज:* चार किंवा जास्त प्रीअँपच्या बऱ्याच इंटरफेसना वेगळा अडॅप्टर लागतो. मोबाइलला जोडून देवळात रेकॉर्डिंग करायचं असेल तर हे आधी विचारून घ्यावं.

लॅपटॉपच नसेल तर?

मेमरी कार्डावर थेट वेगवेगळे ट्रॅक करणारे रेकॉर्डरही मिळतात. झूम कंपनीच्या एच६ ला चार एक्सएलआर इनपुट आहेत आणि वर स्वतःचा स्टीरिओ माइक, असे एकूण सहा ट्रॅक होतात. तोच पुढे लॅपटॉपला इंटरफेस म्हणूनही जोडता येतो. मंडळ गावोगाव फिरत असेल तर हा पर्याय सोयीचा.

थोडक्यात, दुकानात गेल्यावर 'किती चॅनल?' हा प्रश्न सोडून द्यायचा. त्याऐवजी चार प्रश्न विचारायचे. माइक प्रीअँप किती? एका वेळी कॉम्प्युटरमध्ये वेगवेगळे ट्रॅक किती जातात? फँटम पॉवर किती इनपुटना मिळते? माझ्या लॅपटॉपसाठी ड्रायव्हर आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तुमच्या मोजलेल्या आवाजांइतकी असतील, तर खोक्यावर चार लिहिलेलं असो की अठरा, काम होईल. आणि शक्य असेल तर आपलेच माइक सोबत न्या, सगळे एकदम जोडून दुकानातच दोन मिनिटं रेकॉर्ड करून ऐका.